खाटेशेजारची खुर्ची: गंभीर आजारी माणसासाठी रुग्णालयात कसं उभं राहावं

बाबा अ‍ॅडमिट झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज आजोबा अगदी शांत आहेत हं, रात्रभर काही त्रास दिला नाही." मी बाबांकडे पाहिलं. नजर छताला लागलेली, आणि उजव्या हाताची बोटं चादरीवरून कुणालाच न दिसणारा धागा वेचत होती. आमचे बाबा शांत माणूस नव्हेत. सकाळी उठल्यापासून पाच मिनिटांत कुणाची तरी चूक काढली नाही तर त्यांचा दिवस सुरू होत नाही. मी म्हटलं, "सिस्टर, हे शांत नाहीत. हे असे कधीच नसतात."

तेवढ्या वाक्यावर डॉक्टर आले, तपासण्या झाल्या आणि लघवीत जंतुसंसर्ग निघाला. त्या 'शांतपणा'ला डिलिरियम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक गढूळ झालेलं भान. त्यात पेशंट आरडाओरडा करतो, सलाईन उपसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा दुसरा प्रकार गप्प असतो. पेशंट नुसता पडून राहतो, अर्धवट झोपेत असतो, आणि कुणाला त्रास देत नाही म्हणूनच निसटतो. वयस्कर पेशंटमध्ये हा गप्प प्रकार जास्त दिसतो.

नातेवाईकाने डॉक्टर व्हायचं नसतं, आणि पहारेकरीही व्हायचं नसतं. डॉक्टरांना आजार माहीत असतो, तुम्हाला तो माणूस माहीत असतो. त्याचं 'नेहमीचं' काय, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये छापलेलं नसतं. ते योग्य वेळी, योग्य माणसाच्या कानावर, त्याला वापरता येईल अशा शब्दांत घालायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

बोलणारा एकच ठेवा

पेशंट शुद्धीवर असेल तर पहिला प्रश्न त्यालाच: "तुझ्या वतीने कुणी बोलावं? कुणाला काय सांगायचं, काय नाही?" हे विचारायला संकोच वाटतो, पण पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली तर याच उत्तराचा आधार लागतो. तुम्ही जिथे आहात तिथल्या कायद्यात निर्णयाचा अधिकार लेखी देण्याची सोय असेल, तर ते काम पेशंट धडधाकट बोलतोय तोवर उरका.

मग घरच्यांनी बसून ठरवा की डॉक्टरांशी एकच जण बोलेल आणि तो नसेल तेव्हा दुसरा कोण. चार भावंडांनी चार वेळा तेच विचारलं की चार वेगळी उत्तरं मिळतात, कारण प्रत्येक जण वेगळा प्रश्न विचारत असतो आणि वेगळं ऐकत असतो. फाइलवर त्या एका माणसाचा नंबर लिहून घ्या. बाकीच्यांना दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकच मेसेज जाऊ द्या. लांबच्या गावी बसलेला, सगळ्यात जास्त सूचना करणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला खरंच उपयोगी काम द्या: जुने रिपोर्ट शोधणं, तारखांप्रमाणे लावणं, स्कॅन करून पाठवणं.

पहिल्याच दिवशी एक कागद

एक पान पुरतं, दोन नकोत, कारण दुसरं पान कुणी वाचत नाही. त्यावर जुने आजार, झालेली ऑपरेशन्स, आणि अंगात बसवलेलं काही असेल तर ते लिहा. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी तो माहीत असणं भाग आहे. अ‍ॅलर्जी लिहिताना नुसतं औषधाचं नाव नको, काय झालं तेही हवं. 'पुरळ आलं' आणि 'घसा सुजून श्वास अडकला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि नेहमीचं लिहा: चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, घरात आधाराशिवाय चालतात का, आजचा वार सांगू शकतात का, परवापर्यंत स्वतःचा हिशोब स्वतः ठेवत होते का.

औषधांच्या यादीत नाव, डोस आणि घ्यायची नेमकी वेळ. ही वेळ मला महाग पडली असती. बाबांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी ते घरी सकाळी साडेसहा, अकरा, साडेतीन आणि आठ अशी घड्याळ लावून घेतात. वॉर्डात औषधांची गाडी नऊला फिरायची. पहिल्या दिवशी गोळी अडीच तास उशिरा गेली आणि बाबा लाकडासारखे ताठ, बोलणं घोगरं, पाण्याचा घोटही नीट गिळवेना. बघणाऱ्याला वाटावं आजार वाढला. मी कागदावर त्या चार वेळा मोठ्या अक्षरांत लिहून, 'या वेळा चुकल्या तर गिळता येत नाही' अशी ओळ खाली जोडली. सिस्टरनी तो कागद चार्टलाच लावला. दुसऱ्या दिवसापासून गोळी वेळेवर. आणखी एक: उलटीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड आणि पेशंट भ्रमात असताना देतात ते हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही औषधं पार्किन्सन बिघडवतात. घरात हा आजार असेल तर दोन्ही नावं त्या कागदावर हवीतच.

अचानक बंद पडली तर घात करणारी इतरही औषधं आहेत: बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड, फिटची औषधं, काही रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या. जडीबुटीचं काही चालू असेल तर लाजू नका, सांगा.

आणि जे घरं हटकून लपवतात ते म्हणजे दारू. रोज पिणाऱ्याची दारू अ‍ॅडमिट झाल्याने एकदम तुटते. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, जिवावर बेतणारी अवस्था. डॉक्टरांना आधी कळलं तर हे टाळता येतं. पेशंटसमोर बोलवत नसेल तर बाहेर गाठून सांगा, पण किती आणि शेवटची कधी हे खरं सांगा.

वही

मोबाइलमध्ये नाही, कागदाची वही. ती खाटेपाशी राहते, पाळी बदलली की पुढच्या माणसाच्या हातात जाते आणि तिची बॅटरी संपत नाही. प्रत्येक नोंदीला वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव. "डॉक्टर म्हणाले" या नोंदीला काही अर्थ नाही, कारण दिवसात सात डॉक्टर येतात.

बाबांच्या वहीतली एक नोंद अशी होती: 'सकाळी ११.१०. किडनीचे डॉक्टर. क्रिएटिनिन काल १.१, आज १.६. सलाईन वाढवणार. संध्याकाळी परत रक्त.' एवढंच. (क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ताचा आकडा, वाढला की वाईट.) पण दुपारी हृदयाचे डॉक्टर येऊन "सलाईन कमी करू या" म्हणाले तेव्हा ही नोंद कामाला आली. मी वाद घातला नाही. वही पुढे केली आणि विचारलं, "सकाळी हे ठरलं होतं. दोघांचं मिळून अंतिम कोण ठरवतं?" दहा मिनिटांत दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. अनेक तज्ज्ञ एकाच पेशंटला बघत असले की प्रत्येक जण आपापल्या अवयवाची काळजी घेतो. मुख्य डॉक्टर कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीच्या मुखपृष्ठावर लिहा.

आकडे सगळे उतरवू नका. आजारानुसार तीन-चार महत्त्वाचे कोणते ते डॉक्टरांनाच विचारा आणि रोजचे एका ओळीत मांडा. एकट्या आकड्यापेक्षा त्याचा कल बोलतो. क्रिएटिनिन १.४ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याचं आयुष्यभर ०.७ होतं त्याच्यासाठी ते दुप्पट आहे. लघवीचंही तसंच. मोठ्या माणसाला ढोबळमानाने ताशी, किलोमागे अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिली. पिशवी चार-पाच तास जिथल्या तिथे दिसली तर सांगायचं. मॉनिटरकडे मात्र टक लावून बसू नका. बोटाची क्लिप सरकली किंवा हात गार पडला तरी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरलेलं दिसतं, आणि दर वेळी तुमचं काळीज तोंडाशी येतं.

राउंडची पाच मिनिटं

राउंड साधारण कधी होतो ते सिस्टरकडून काढून घ्या आणि त्या वेळी हजर राहा. डॉक्टरांना वेळ नसतो हे गृहीत धरूनच तयारी करायची. प्रश्न आदल्या रात्री लिहा, फार तर तीन, महत्त्वाचा सगळ्यात आधी. "कसं आहे आता?" हा प्रश्न सोडून द्या, त्याला "स्टेबल आहे" एवढंच उत्तर मिळतं. आणि 'स्टेबल' म्हणजे बरं नव्हे. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्टेबल असतो.

त्याऐवजी मी हे विचारू लागलो: "आज तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? उद्या या वेळेपर्यंत काय दिसलं तर आपण योग्य वाटेवर आहोत? आणि तसं नाही दिसलं तर पुढे काय?" या तीन प्रश्नांत निदान, अपेक्षा आणि पर्याय तिन्ही येतात. डॉक्टरांचं झालं की आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे मला असं कळलं की ताप दोन दिवसांत उतरला नाही तर अँटिबायोटिक बदलणार. बरोबर ना?" यात कमीपणा नाही. माझी निम्मी गैरसमजूत याच वाक्याने पकडली गेली.

कुठलीही मोठी तपासणी किंवा प्रोसिजर सुचवली की एक विचारा: "याचा रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तेच राहणार आहेत का?" उत्तर 'हो' असेल तर ती आत्ता करायची गरज आहे का, हा पुढचा प्रश्न आपोआप निघतो. सहीचा फॉर्म घाईत पुढे आला तर, जीव वाचवण्याची तातडी नसेल तेव्हा, वाचायला पाच मिनिटं मागायचा हक्क तुम्हाला आहे.

खाटेपाशी रोज

इथे फार पाल्हाळ नको. औषध देताना नाव विचारलं जातंय का, नवी गोळी दिसली तर "ही कशासाठी?" एवढं विचारा. पेशंट स्वतः कूस बदलू शकत नसेल तर साधारण दर दोन तासांनी बदलली जातेय का पाहा. माकडहाड आणि टाचा रोज उघडून बघा, दाबल्यावरही न जाणारा लालसर डाग ही जखमेची सुरुवात असते. व्हेंटिलेटरवर असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर असावी, आडवं निजवणं फुप्फुसाला मानवत नाही. लघवीची नळी आणि मानेतली सुई यांबद्दल रोज विचारा, "अजून लागते का?" प्रत्येक नळी जंतूंना दार असते, आणि ती काढायची राहून जाते कारण कुणी विचारत नाही.

हात धुणं. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना प्रसूतीच्या वॉर्डात जाण्याआधी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. सहकाऱ्यांनी त्याला मान दिला नाही तो नाहीच. तेव्हा आजही "हात धुतले का?" हे कुणाला आवडत नाही, यात नवल नाही. मी आल्या आल्या स्वतः सॅनिटायझर लावायचो आणि बाटली तशीच हसून पुढे करायचो. कुणी नाही म्हटलं नाही.

डिलिरियमवर निम्मा इलाज तुमच्याच हातात आहे. चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात, दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद, समोर दिसेल असं घड्याळ. दर वेळी आपलं नाव, वार, जागा सांगायची. भ्रमात ते जे बोलतात ते खोडून काढू नका. "भिंतीवर माणसं आहेत" म्हटल्यावर "मला दिसत नाहीत, पण मी इथे आहे" एवढं पुरतं.

काहीतरी बिघडतंय असं वाटलं तर

आधी काय बदललं ते पकडा. जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय का हे चाचपायला डॉक्टर खाटेपाशी तीन गोष्टी बघतात: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि बदललेलं भान. यातल्या दोन असल्या तर थांबायचं नाही. श्वास तुम्हीही मोजू शकता. पेशंटला न सांगता छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पंधरा सेकंदांचा हिशोब चुकतो. गार, डागाळलेली कातडी, आटलेली लघवी हेही वहीत.

मग सांगायचं कसं? अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर निरोप देण्याची एक पद्धत होती, ती पुढे रुग्णालयांनी उचलली: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी, मला काय वाटतं, मला काय हवंय. या क्रमाने बोललं की समोरचा ऐकतो. "सिस्टर, बाबांचा श्वास मिनिटाला २८ मोजला, तासापूर्वी १८ होता. लघवीच्या संसर्गावर औषध चालू आहे. हे मला संसर्ग पसरल्यासारखं वाटतंय. डॉक्टरांनी आत्ता येऊन बघावं." यात आकडा आहे आणि नेमकी मागणी आहे. "कुणी लक्षच देत नाही इथे!" यात दोन्ही नाहीत, खरं असलं तरी.

नाही जमलं तर एक पायरी वर: ड्युटीवरचे डॉक्टर, मग वॉर्डच्या मुख्य सिस्टर, मग मुख्य डॉक्टर, मग प्रशासन किंवा रुग्ण-तक्रार कक्ष. प्रत्येक पायरीवर वेळ आणि नाव लिहा, आणि सांगूनच वर जा: "पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर मी सरांना फोन करेन." पाठीमागून तक्रार केल्यापेक्षा याने संबंध कमी बिघडतात. उद्याही त्यांच्याच हातात आपलं माणूस आहे, हे विसरता येत नाही.

आपण उगाच घाबरतोय असं वाटून लोक गप्प बसतात. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था नावाची तेरा वर्षांची मुलगी सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. तिची तब्येत ढासळतेय हे आईवडील सांगत होते. त्यानंतर तिथे २०२४ पासून रुग्णालयांत 'मार्थाज रूल' लागू होऊ लागला: घरच्यांना काळजी वाटली तर ते थेट दुसऱ्या, अतिदक्षता पथकाकडून तातडीने तपासणी मागू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात याच धर्तीचा 'रायन्स रूल' २०१३ पासून आहे. तुमच्या रुग्णालयात असं पथक आहे का, ते कुणी बोलवायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही विश्वासघात नव्हे. "तुमच्यावर भरवसा आहे, पण आमच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून" असं म्हणून रिपोर्टच्या प्रती मागा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

मोठे निर्णय

हे दारात उभ्याउभ्या होऊ देऊ नका. बसून बोलायची वेळ मागून घ्या, सगळे तज्ज्ञ आणि घरातले निर्णय घेणारे एकत्र. तिथे "तुम्हाला काय करायचंय?" असं विचारलं जातं, आणि तिथेच सगळे फसतात, कारण आपल्याला तो माणूस हवा असतो, काहीही करून. खरा प्रश्न असा: पेशंट स्वतः इथे बसला असता, सगळं ऐकलं असतं, तर काय म्हणाला असता? माझी मावशी अ‍ॅडमिट असताना आम्ही दोन तास या एका प्रश्नावर बसलो होतो. शेवटी तिची मुलगी म्हणाली, "आईला नळीतून जगायचं नव्हतं. तिने मामांच्या वेळी ते बोलून दाखवलं होतं." खोलीतला ताण तिथेच सैलावला. निर्णय आमचा नव्हता, तिचा होता. आम्ही फक्त निरोप पोचवत होतो.

सगळं करायचं किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय नसतात. मधला रस्ता म्हणजे मुदत घालून केलेला प्रयत्न: व्हेंटिलेटर लावू, चार-पाच दिवसांनी अमुक सुधारणा दिसते का पाहू, आणि नाही दिसली तर पुन्हा बसू. मुदत आणि निकष दोन्ही आधीच ठरवून वहीत लिहा.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकला की घरात सन्नाटा पसरतो, जणू कुणी हात वर केले. त्यात वेदना, धाप, मळमळ, भीती यांच्यावर इलाज होतो आणि मुख्य उपचार चालू असतानाही ती घेता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या पेशंटना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवाही मिळाली त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हाच आकडा ८.९ महिने. पहिल्या गटाने शेवटी-शेवटी जालीम उपचार कमी घेतले होते. तेव्हा ही सेवा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका, लवकर मागा.

तुम्ही स्वतः

पाळ्या लावा. सलग दोन रात्री जागलेल्या माणसाच्या नोंदी मी वाचल्यात, माझ्याच होत्या, एक आकडा भरवशाचा नव्हता.

घरी सोडताना

डिस्चार्जची घाई सगळ्यांना असते आणि चुका इथेच होतात. घरून आणलेली औषधांची यादी आणि डिस्चार्जची यादी शेजारी ठेवून प्रत्येक ओळीला विचारा: हे चालू, हे बंद की डोस बदलला? आतली काही औषधं तात्पुरती असतात, ती घरी वर्षभर चालू राहतात. कुठले रिपोर्ट अजून यायचे आहेत आणि ते कोण कळवणार? काय दिसलं तर फोन करायचा आणि काय दिसलं तर थेट घेऊन यायचं, हे दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. नळी, पट्टी, इंजेक्शन जे घरी करायचंय ते सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवा. आयसीयूतून आलेल्या माणसाची ताकद, झोप, स्मरण कित्येक महिने मागे राहू शकतं, हे घरातल्यांना आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात "आता काय झालंय तुम्हाला?" सुरू होतं.

आमची गाडी यायला वेळ होता. बाबांनी वही मागितली, चष्मा लावला आणि पानं उलटत गेले. नवव्या दिवसाशी थांबले. "क्रिएटिनिन असं लिहितात होय? पहिली वेलांटी कुठाय?"

सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. मी पेन काढून वेलांटी दिली.